बंद दरवाजा आणि उघडा कडा

जबलपूर या नगरीची ओळख मराठी माणसाला बहुधा भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांनी होते. नर्मदेच्या पात्रात होडी सोडावी, दोन्ही बाजूंना शुभ्र पाषाणाच्या भिंती उभ्या असाव्यात आणि नावाड्याने एकेका शिळेची गोष्ट सांगत जावे, असा तो अनुभव. १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि पुढे मध्यप्रांताचा घटक म्हणूनही त्याचे नागपूरशी नाते टिकून राहिले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला स्थापन झाले आणि नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला हेच त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र जबलपूर हे नाव उच्चारताच आठवतो तो ना संगमरवर, ना धुवांधार धबधबा. त्याला आठवतो १९७६ सालचा एक खटला.

त्या खटल्याकडे आपण शेवटी येणार आहोत. आजचा विषय वरवर पाहता त्याहून अगदी निराळा आणि काहीसा यांत्रिक आहे. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत जे पहिले वैयक्तिक संगणक आले, त्यांना कोणती कुलुपे होती, त्या कुलुपांना लोकांनी वळसा कसा घातला, आणि त्या वळशातून कोणता प्रश्न उभा राहिला, हा तो विषय होय. प्रश्न यंत्रापाशी सुरू होतो, परंतु यंत्रापाशी संपत नाही. तो कोठे जाऊन पोहोचतो हे पाहताना जबलपूरची वाट आपोआप लागते.

कुलुपाला वळसा घालणे म्हणजे काय, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली आहे. कोजागरीच्या दिवशी ही गवळण दूध घालण्यासाठी गडावर आली, परतण्यास उशीर झाला आणि सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल होते. पहारेकरी नियमाला बांधलेला. तो दरवाजा उघडीना. तेव्हा हिरकणीने दरवाजाशी झटापट केली नाही. जेथे कोणी पहारा ठेवला नव्हता, अशा उभ्या कड्यावरून ती काळोखात उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ही वार्ता शिवछत्रपतींच्या कानी गेली तेव्हा महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला. आणि त्याच वेळी, ज्या कड्यावरून एक बाई उतरू शकते त्या कड्यावरून शत्रू चढूही शकेल हे ओळखून, तेथे बुरूज बांधविला. आख्यायिकेत इतिहास किती हा वाद बाजूस ठेवू. दरवाजा कितीही भक्कम असला तरी कडा उघडा असेल तर गड उघडाच असतो, आणि जो कडा उतरतो तो प्रत्येक वेळी चोरच असतो असे नाही, या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र आलेल्या आहेत.

आता संगणकाकडे वळू. गडाच्या पहाऱ्यावर विचारला जाणारा परवलीचा शब्द संगणकाच्या दारी आला तो १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तेथे अशी व्यवस्था उभारण्यात आली होती की एकच अवाढव्य यंत्र अनेक संशोधकांनी आळीपाळीने नव्हे, तर एकाच वेळी वापरावे. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ मोजला जावा म्हणून ज्याला त्याला परवलीचा शब्द देण्यात आला. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने कोणाचाही शब्द ओळखण्याचा खटाटोप केला नाही. सर्वांचे शब्द ज्या नोंदीत साठविलेले होते, ती नोंदच छापून द्यावी अशी विनंती करणारे छिद्रांकित पत्र त्याने यंत्राला दिले, आणि आज्ञाधारक यंत्राने ती छापून दिली. पुष्कळ वर्षांनी ही हकिगत त्याने स्वतःच सांगितली. परवलीचा शब्द जन्मास येतो न येतो तोच त्याला वळसा घालणारा माणूसही जन्मास आला होता, आणि तो बाहेरचा दरोडेखोर नव्हता. घरातलाच, कामाला लागलेला माणूस होता.

पुढे १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. या यंत्राला परवलीचा शब्दच नव्हता. यंत्र एका माणसाचे, त्याच्या मेजावर ठेवलेले. जो खुर्चीत बसला तो मालक, अशी त्यामागची समजूत होती. १९८४ च्या सुधारित यंत्राला मात्र दर्शनी बाजूस खरोखरीचे, धातूच्या किल्लीचे कुलूप बसविलेले होते. ते लावले म्हणजे कळफलक निकामी होई आणि पेटीचे झाकण उघडता येत नसे. याच यंत्रात एक छोटी विद्युत्घटमाला होती. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू राहावे आणि यंत्राच्या रचनेची टिपणे एका लहानशा स्मृतिकोशात जिवंत राहावीत, हे तिचे काम. पुढे अशाच स्मृतिकोशात परवलीचा शब्दही ठेवण्यात येऊ लागला. यंत्र सुरू करताच पडद्यावर तो विचारला जाई, आणि तो सांगितल्याखेरीज यंत्र हलत नसे.

हे कुलूप दिसावयास मोठे कडक होते. पण त्याचा प्राण त्या नाण्याएवढ्या घटात होता. पेटी उघडून घट काही काळ काढून ठेवला की स्मृतिकोशातील टिपणे पुसली जात आणि त्यांच्याबरोबर परवलीचा शब्दही विसरला जाई. कित्येक उत्पादकांनी आपल्या दुरुस्ती-कारागिरांच्या सोयीसाठी सर्व यंत्रांना लागू पडणारा एक सामाईक शब्द ठेवून दिला होता, आणि असे शब्द फार काळ गुप्त राहात नसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा जबलपूरच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात काय, परवलीचा शब्द विसरलेला संगणक कारागिराकडे आला की तो पहिल्यांदा हाती घेई तो पेचकस.

१९९५ साली आलेल्या विंडोज ९५ या प्रणालीची कथा याहूनही उद्बोधक आहे. यंत्र सुरू झाले की एक चौकट दिसे आणि ती नाव व परवलीचा शब्द विचारी. अनेकांना वाटे की हा दरवाजा आहे. वस्तुतः शब्द न सांगता 'एस्केप' ही कळ दाबली तरी यंत्र निमूटपणे आत घेई. एस्केप म्हणजे निसटून जाणे. कळीने आपले नाव सार्थ केले एवढेच. यात कारागिरांचा निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही. ती चौकट मुळी कुलूप म्हणून बांधलेलीच नव्हती. जाळ्यात जोडलेल्या दुसऱ्या यंत्रांशी ओळख पटविणे आणि घरातील निरनिराळ्या माणसांच्या आवडीनिवडी वेगळ्या ठेवणे, एवढेच तिचे काम. पण ज्याने आपली खाजगी पत्रे त्या यंत्रात ठेवली होती, त्याला हा भेद कोणी समजावून सांगितला नव्हता. कुलूप नसलेल्या दारापेक्षा कुलपासारखे दिसणारे दार अधिक घातक असते, कारण त्याच्या भरवशावर मनुष्य ठेव ठेवतो.

या जुन्या यंत्रांच्या कड्यांपैकी सर्वांत उघडा कडा कोणता, असे विचारल्यास मी म्हणेन की यंत्र जागे होण्यापूर्वीचा क्षण. विजेची कळ दाबल्यानंतर यंत्र प्रथम लवचीक तबकडीच्या, म्हणजे फ्लॉपीच्या, खाचेत डोकावून पाही. तेथे तबकडी असेल तर तिच्या पहिल्याच भागात जी आज्ञा लिहिलेली असेल ती मानून ते आपला दिवस सुरू करी. आतल्या तबकडीवर कितीही पहारेकरी बसविलेले असोत, ते झोपेतून उठण्यापूर्वीच बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या हाती घराचा ताबा जाई.

नेमकी हीच वाट १९८६ साली लाहोरच्या बासित व अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी लिहिलेल्या 'ब्रेन' नामक आज्ञावलीने धरली. आयबीएमच्या धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणू म्हणून तिची इतिहासात नोंद झाली आहे. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती कोण काढतो हे कळावे, एवढाच आपला हेतू होता, असे या भावांचे म्हणणे. त्यांनी तिच्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला होता. म्हणजे कुलूप म्हणून केलेली वस्तूच दुसऱ्यांच्या घरात शिरू लागली. शिवाय ती मोठी चतुर होती. तबकडीचा पहिला भाग कोणी तपासू लागला तर ती बाजूस लपवून ठेवलेली निर्मळ प्रत पुढे करी आणि तपासणारा समाधानाने परत जाई.

अशा विषाणूंना हुडकून काढणाऱ्या आज्ञावली लवकरच निघाल्या, आणि या क्षेत्रात एका मराठी नावाने ठळक कामगिरी केली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात गणकयंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत. संगणक आले तसे ते संगणक दुरुस्त करू लागले, आणि दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळांची व्याधी विषाणूची आहे असे त्यांच्या ध्यानात आले. धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर आज्ञावली लिहिली, आणि १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' या नावाने ती बाजारात आली. शंकराच्या देवळासमोर जशी नंदीची, तशी त्या काळच्या संगणकाच्या शेजारी अशा औषधी तबकडीची जागा ठरलेलीच असे.

पण संरक्षक आज्ञावलीचे एक दुबळेपण होते. ती यंत्र सुरू झाल्यानंतर जागी होई, आणि विषाणू तिच्या आधी जागा झालेला असे. आधी आलेला नंतर आलेल्यास फसवू शकतो. काही विषाणू प्रत्येक खेपेस आपले रूप पालटीत, काही संरक्षक आज्ञावलीलाच निकामी करीत. १९९८ साली तैवानमध्ये लिहिला गेलेला 'सीआयएच' हा विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी एकाच वेळी असंख्य यंत्रांत जागा झाला, आणि त्याने साठविलेली माहिती तर पुसलीच, पण कित्येक यंत्रांच्या मूळ प्रारंभिक सूचनाही उद्ध्वस्त केल्या. यावर उपाय कोणता? निर्मळ असल्याची खात्री असलेली, खाचेवर चिकटपट्टी लावून लिहिण्यास बंद केलेली तबकडी घालून यंत्र सुरू करावयाचे, म्हणजे आतले सर्व पहारे व सर्व शत्रू निद्रिस्त असतानाच आत प्रवेश करून शोध घ्यावयाचा. श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की ही तीच वाट आहे. चोर ज्या कड्यावरून चढला, वैद्यालाही त्याच कड्यावरून चढावे लागले.

मग चोर आणि वैद्य यांच्यातील भेद कशावरून ओळखावयाचा? त्यांचे हत्यार एक, त्यांची वाट एक, त्यांचे कौशल्यही एकाच जातीचे. भेद यंत्रात सापडत नाही. तो सापडतो परवानगीत आणि हेतूत.

आपल्या कायद्यानेही हाच भेद प्रमाण मानला आहे. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे त्रेचाळीसावे कलम कुलूप भक्कम होते की तकलादू होते असे विचारीत नाही; मालकाची अथवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची अनुमती होती की नाही, एवढेच विचारते. एस्केप कळ दाबून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणारा 'दार उघडेच होते' असे म्हणून सुटू शकत नाही. आपल्या खेड्यांतील घरांना कडी-कोयंड्याखेरीज दुसरे काय असे? तरीही अनोळखी मनुष्य उंबरठ्यावर थांबून हाक मारी, ओ आल्याखेरीज आत पाऊल टाकीत नसे. कडीचे सामर्थ्य कडीत नव्हते, उंबरठ्याच्या मर्यादेत होते. दुसरीकडे, २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क अधिनियमात ६५-अ हे कलम आले. लेखनादी कृतींच्या संरक्षणासाठी लावलेली तांत्रिक कुलुपे हक्कभंगाच्या हेतूने फोडणे हा त्यान्वये अपराध ठरला. परंतु सुरक्षिततेची चाचणी मालकाच्या संमतीने घेणारा, कायदेशीर तपास करणारा, सांकेतिक विद्येचा संशोधक यांना त्यातून वगळण्यात आले. हिरकणीला शिक्षा न करणारी दृष्टी ती हीच.

ही सूट केवळ शास्त्रज्ञांच्या उपयोगाची आहे असे समजू नये. मराठी अक्षरजुळणीसाठी एके काळी ज्या आज्ञावली वापरात होत्या, त्यांपैकी अनेकांबरोबर संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे एक लहानसे 'लॉक' मिळत असे. ते खोचल्याविना अक्षरच उमटत नसे. आज ती खोचण्याची जागाच नव्या यंत्रांतून नाहीशी झाली आहे. त्या काळात जुळविलेली पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल जुन्या यंत्रांच्या पोटात बंद पडलेले आहेत. लेखक निवर्तला, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला, आणि कपाटातील संगणकात त्याचे अखेरचे हस्तलिखित आहे, अशा घरातील मुलीला कोणी कुलूप उघडून देणारा भेटला तर तिच्या दृष्टीने तो चोर नव्हे, उपकारकर्ता होय.

यंत्रे मात्र आता बदलली आहेत. २००७ च्या सुमारास सामान्य संगणकांतही संपूर्ण तबकडी सांकेतिक लिपीत बदलून ठेवण्याची सोय आली. २०१२ नंतरची यंत्रे जागी होताच पहिली आज्ञा खऱ्या उत्पादकाचीच आहे काय हे तपासू लागली. जुना उघडा कडा पुष्कळसा बुजला आणि त्या जागी बुरूज उभा राहिला. घट काढून आता काही साधत नाही. हे भूषणावह आहे. पण त्याची किंमतही आहे. किल्ली हरवली तर मालकालाही आपली ठेव कायमची गमवावी लागते. आणि कडा बुजल्यामुळे आता ज्याला आत शिरावयाचे आहे त्याला किल्लीच मागावी लागते. किल्ली मागण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न येथे उभा राहतो.

तो अधिकार शासनाला काही मर्यादेत देण्यात आलेला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या २००८ च्या दुरुस्तीने एकोणसत्तरावे कलम विस्तृत झाले. राष्ट्राची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सांकेतिक मजकूर उलगडून देण्याचा आदेश त्यान्वये देता येतो, आणि साहाय्य नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुन्हेगारांचेही संगणक असतात, हे मान्य केल्यावर अशा अधिकाराची आवश्यकता नाकारता येत नाही. परंतु अधिकार योग्य रीतीने वापरला की नाही, हे विचारण्यासाठी नागरिकाला एखादे दार ठोठावता आले पाहिजे. आणि ते दार बंद झाले तर काय होते, याचे उत्तर जबलपूरच्या खटल्यात लिहून ठेवलेले आहे.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. शिवकांत शुक्ल यांना जबलपूर येथे स्थानबद्ध करण्यात आले. त्यांनी उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला, म्हणजे मला न्यायालयापुढे हजर करा आणि कोणत्या आधारे डांबले ते तपासा, अशी मागणी केली. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झालेली असल्याने असा अर्जच चालू शकत नाही, असे शासनाचे म्हणणे होते. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. देशातील इतरही अनेक उच्च न्यायालयांनी तसेच मत दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि अपील करणाऱ्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या पदावरून 'एडीएम जबलपूर' हे नाव त्यास कायमचे चिकटले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी शासनाच्या बाजूने निर्णय दिला. आणीबाणी असेतो स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही, आदेश दुष्ट हेतूने काढला असला तरीही नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्यांस सरन्यायाधीशपद देण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

बहुमताच्या चौघांत पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा राज्यघटनेने संरक्षिलेला मूलभूत हक्क आहे. त्या वेळी प्रमुख निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, आणि त्यात त्यांनी जबलपूर खटल्यातील बहुमत, म्हणजे आपल्या वडिलांचेही मत, गंभीर दोषाने भरलेले ठरवून रद्दबातल केले. पुत्राने पित्याचा निर्णय असा भर न्यायासनावरून पुसून टाकावा, हा प्रसंग आपल्या न्यायेतिहासात दुर्मिळ आहे. त्यात अवमान नव्हता. आपल्या घराण्याच्या गडावरील उघडा राहिलेला कडा ओळखून तेथे बुरूज बांधणे होते.

एका स्थानबद्धाचा अर्ज आणि एका जुन्या संगणकाचे कुलूप यांचा संबंध तो हा. मनुष्याचे पत्र, हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या, मनातले विचार आता यंत्रात राहतात. ते यंत्र उघडणे म्हणजे त्याच्या घरात शिरण्यासारखेच आहे. पुट्टस्वामी निर्णयाने असे प्रवेश अशक्य केले नाहीत. प्रवेशाला कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी तेवढी घालून दिली. ती प्रत्येक प्रकरणात लावून घेणे हे न्यायालयाचे काम, आणि ती लावा असा आग्रह धरणे हे तुमचे-आमचे.

तोवर आपल्या माळ्यावरच्या त्या जुन्या संगणकाची मात्र आपणच चिंता केलेली बरी. भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याच्या आतली तबकडी काढून घ्यावी किंवा नीट पुसून घ्यावी. कारण त्याच्या दर्शनी भागावरील कुलपाची किल्ली हरवून वीस वर्षे झाली असतील, पण त्याचा कडा अजून उघडाच आहे.